सहा रुपयांचं गाणं



मागच्या अंकात मी कबूल केलं होतं की या वेळी बर्फाच्या गोळ्याच्या गाडीचा हिशोब मांडू. पण मंगळवारी मेहकरहून एक पत्र आलं आणि ते वाचल्यावर गोळ्याचं काही सुचेना. तेव्हा गोळा पुढच्या आठवड्यात. तोवर वितळला तर जबाबदारी माझी नाही!

पत्र आठवीतल्या एका मुलीचं आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं खाली दोन रेघा ओढून लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्र मात्र जवळजवळ जसंच्या तसं देतो.

‘काकांना सा. न. आमचे बाबा शेती करतात आणि भजनं म्हणतात. शारंगधर बालाजीवर त्यांनी आठ गाणी केली. दोन वर्षांपूर्वी अकोल्याला जाऊन ती रेकॉर्ड केली. अठरा हजार रुपये लागले. शब्द सगळे बाबांचे. चार गाण्यांच्या चाली बाबांच्या आहेत, चार सिनेमातल्या आहेत. आता ती गाणी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. ऑटोत वाजतात, बॅण्डवाल्याकडे वाजतात. पण आम्हाला कोणी एक रुपया दिला नाही. माझा दादा कॉम्प्युटर शिकलाय. तो म्हणतो, आपण गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढू, बाबांची आणि आपल्या भागातल्या सगळ्या भजनी मंडळांची गाणी त्यावर पाच-पाच रुपयांना विकू. दुकान बनवून द्यायला एक जण चाळीस हजार मागतो. बाबा हो म्हणतात. आई म्हणते, सोयाबीनचे पैसे हायेत ते, हवेत नका उडवू. घरात रोज भांडण होतं. तुम्ही सांगा, दुकान चालेल का? ता. क. दादा म्हणतो, इतलं सस्तं देलं तं कोन कायले चोरीन?’

पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. चाळीस हजार म्हणजे सोयाबीनची किती पोती, हे त्या घरात प्रत्येकाला पाठ असणार. आणि खरा प्रश्न त्या ताजा कलमातच आहे, बरं का. इतकं स्वस्त दिल्यावर कोण कशाला चोरेल? दादा काही चुकीचं बोलत नाहीये. याच प्रश्नावर आपल्या देशात एक माणूस कोट्यधीश झाला, आणि याच प्रश्नावर एका मोठ्या कंपनीचं दुकान दीड वर्षाच्या आत बंद पडलं. दोन्ही गोष्टी सांगतो, मग आपण मेहकरला परत येऊ.

मेहकर मला परकं नाही. माझी मावशी तिथं राहायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो. उन्हानं आटलेलं पैनगंगेचं पात्र, बालाजीचं देऊळ (ती भलीमोठी मूर्ती १८८८ साली गावात खोदताना सापडली, हे मावशी दर वर्षी नव्यानं सांगायची), आणि बसस्टँडकडच्या रस्त्याला एक कॅसेटचं दुकान. कॅसेट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी बाबांना विचारा. पेन्सिलीनं फीत गुंडाळायची गोष्टही ते सांगतील. सांगू द्या, मध्ये थांबवू नका.

त्या दुकानात दोन तऱ्हेचा माल होता. काचेच्या कपाटात कंपनीच्या छापील वेष्टणाच्या कॅसेटी. आणि गल्ल्याशेजारी दोन खणांचा टेपरेकॉर्डर. एका खणात गाण्यांची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. आपल्या आवडीची बारा-चौदा गाणी वहीच्या कागदावर लिहून द्यायची. दुकानदार म्हणायचा, “ठेवून जाय यादी. सांजच्याले घेऊन जाजो.” संध्याकाळी आपली कॅसेट तयार! कंपनीच्या कॅसेटीपेक्षा स्वस्त, आणि त्यात एकही नावडतं गाणं नाही. साठची म्हणजे साठ मिनिटांची आणि नव्वदची म्हणजे नव्वद मिनिटांची. मी एक-एक भरून घेतली होती.

ही चोरी आहे, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. ज्यांनी गाणं लिहिलं, चाल दिली, म्हटलं, रेकॉर्ड केलं, त्यांच्यापैकी कुणालाच माझ्या पैशातला छदाम गेला नव्हता. याला इंग्रजीत पायरसी म्हणतात. मुळात समुद्रावरची चाचेगिरी. माझा चाचा मात्र लुंगी नेसून, पंख्याखाली बसून, मला पाणी विचारायचा. म्हणून ओळखू आला नाही.

पण त्या दुकानातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे चोरटी कॅसेटसुद्धा फुकट नव्हती. कोऱ्या कॅसेटीचे आणि भरण्याचे पैसे पडायचेच. दुसरी म्हणजे नकलेची नक्कल घेतली की खरखर वाढायची. तिसऱ्या-चौथ्या नकलेत लताबाईंना पडसं झाल्यासारखं वाटायचं. म्हणजे अस्सल मालाला अजून थोडा मान होता.

आता कोट्यधीशाची गोष्ट.

कॅसेट यायच्या आधी गाणी विकत मिळायची ती तबकड्यांवर, म्हणजे रेकॉर्डवर. आणि आपल्याकडे रेकॉर्ड म्हटलं की एकच कंपनी, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. तिच्या एचएमव्ही छापावर कर्ण्यात डोकावणारा कुत्रा असायचा. कारखाना कोलकात्याजवळ डमडमला. १९७० च्या सुमाराला पॉलिडॉर नावाचा दुसरा गडी येईपर्यंत बाजार जवळजवळ या एकटीचाच होता. का बरं? कारण तबकडी बनवायची तर मोठा कारखाना पाहिजे, मोठी यंत्रं पाहिजेत. ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं ते.

कॅसेटीनं हे सगळं उलटंपालटं केलं. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली ती काढली. आपल्याकडे ती घरोघर झाली १९८० च्या आसपास, आखाती देशांत कामाला गेलेले लोक येताना टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागले तेव्हा. आता नक्कल काढायला कारखाना नको, एक खोली पुरे. त्यामुळे दोन जण एकदमच जन्माला आले. एक चोर आणि दुसरा छोटा कारखानदार. कधीकधी एकच माणूस दोन्ही असायचा!

दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान असलेल्या घरातला एक तरुण होता, गुलशनकुमार. त्यानं १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज नावाची कंपनी काढली. तिच्या मालावर नाव असायचं टी-सीरीज. समोर एचएमव्ही. जुनी सगळी गाजलेली गाणी तिच्या कपाटात कुलूपबंद. मग यानं काय करावं?

त्यानं तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे कॅसेट खूप स्वस्त केली. नफा थोडा, माल भरपूर. दुसरी म्हणजे कॅसेट फक्त गाण्यांच्या दुकानात न ठेवता किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर ठेवली. एचएमव्हीचं दुकान शोधत शहरात कोण जाईल? पण पानाला माणूस रोज जातोच. तिसरी गोष्ट मोठी चलाखीची. त्या वेळच्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की गाणं एकदा निघालं की सूचना देऊन आणि ठरलेलं मानधन भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून पुन्हा म्हणवून घेता येई. गुलशनकुमारांनी जुनी गाणी नव्या गळ्यांतून म्हणवून घेतली आणि विकली. पुढे मोठे झालेले कितीतरी गायक आधी असे दुसऱ्यांची गाणी म्हणून पुढे आले. सोनू निगम त्यांतलेच.

त्यांच्यावर नक्कल विकल्याचे आरोपही प्रतिस्पर्ध्यांनी केले, हेही सांगायला हवं. पण १९९० साली ‘आशिकी’च्या कॅसेटी घरोघर वाजायला लागल्या तोवर टी-सीरीज ही चित्रपटसंगीतातली बडी कंपनी झाली होती. ऑगस्ट १९९७ मध्ये मुंबईत गुलशनकुमारांची हत्या झाली. कंपनी मात्र वाढतच गेली. तिची पुन्हा गाठ पडणार आहे, विसरू नका.

याच काळात आपल्याकडे काय झालं तेही बघा. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद यांच्या विठ्ठलाच्या, भीमगीतांच्या, लोकगीतांच्या कॅसेटी गावोगाव गेल्या. ज्या गाण्यांसाठी तबकडी काढायला कुणी सहजी धजावलं नसतं ती गाणी एसटी स्टँडवर मिळायला लागली. कॅसेट स्वस्त झाली म्हणून गाणाराही गावाकडचा झाला.

इथं दादा उडी मारून म्हणेल, “पाह्यलं न काका? सस्तं देलं अन् जिंकला!”

थांब रे बाबा. जिंकला, कारण चोरटा मालसुद्धा फुकट नव्हता. समजा चोरटी कॅसेट बारा रुपयांना आहे आणि अस्सल वीसला. माणूस विचार करतो, आठ रुपयांसाठी खरखर कशाला ऐका? आणि अस्सल घेतो. पण चोरटा माल शून्य रुपयांना असेल तर? आणि त्यात खरखर अजिबात नसेल तर? तुमच्या गणिताच्या बाईंना विचारा, पाच रुपये हे शून्याच्या किती पट?

तर ते शून्य कुठून आलं? जर्मनीतल्या संशोधकांनी एमपीथ्री नावाची युक्ती काढली. माणसाच्या कानाला जे बारकावे ऐकूच येत नाहीत ते गाळून गाणं साधारण दहाव्या हिश्शाइतकं लहान करायचं. लहान झालेलं गाणं तारेतून पाठवता आलं. अमेरिकेत १९९९ साली नॅपस्टर नावाची सोय निघाली आणि लोक एकमेकांच्या संगणकातली गाणी घरबसल्या घ्यायला लागले. दोन वर्षांत कोर्टानं ती बंद पाडली, पण बाटलीतलं भूत बाहेर पडलं ते पडलंच. एमपीथ्रीची हजारावी नक्कल पहिलीइतकीच स्वच्छ असते.

मेहकरच्या आमच्या दुकानदारानंही कात टाकली. आधी दीडशे गाण्यांच्या सीडी, मग ‘मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी. दोन जीबीच्या इवल्या कार्डात चारशे गाणी, वीस रुपयांत. करा हिशोब. एक गाणं पाच पैशांना! मी शेवटचा गेलो तेव्हा तो मोबाइलची कव्हरं विकत होता. म्हणाला, “पोट्टे आता मायाकडे येतच नाई. घरीच फुकट घेतेत.” चोरालाही फुकट्यानं हरवलं होतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मग या शून्यासमोर दुकान कुणीच चालवलं नाही का? चालवलं. ॲपल कंपनीनं २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत आयट्यून्स नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं. दोन लाख गाणी, कुठलंही गाणं ९९ सेंट, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४७ रुपये. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. लोक एका रात्रीत प्रामाणिक झाले होते का? छे! तिथल्या माणसाच्या खिशात कार्ड होतं, त्याचा आकडा दुकानाकडे एकदा नोंदवला की पुढे नुसतं बटण दाबायचं. फुकट गाणं शोधत बसा, अर्धवट उतरवा, त्यातून संगणकाला रोग लावून घ्या, यापेक्षा ते सोपं होतं.

आता दुसरी गोष्ट, बंद पडलेल्या दुकानाची. ही आपल्या देशातली आहे.

फ्लिपकार्ट तुम्हाला माहीत आहे. २००७ साली सचिन बन्सल आणि बिनी बन्सल यांनी ती पुस्तकं विकण्यासाठी सुरू केली. (दोघं भाऊ नाहीत, फक्त आडनाव एक.) २०११ मध्ये त्यांनी गाण्यांच्या वाटपाचं तंत्र जाणणारी माइम३६० नावाची एक कंपनी विकत घेतली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. एक गाणं ६ ते १५ रुपयांना. नुसती चहाची किंमत. एकदा घेतलं की गाणं तुमचं, कुठल्याही मोबाइलवर वाजवा. म्हणजे दादाला जे दुकान काढायचंय तेच, फक्त शेकडो पट मोठं. मागे पैसा, हाताशी कसबी माणसं, कंपनीचं नाव देशभर.

नशिबानंही हात दिला, असं वाटावं. मार्च २०१२ मध्ये संगीत कंपन्यांच्या तक्रारीवरून कलकत्ता उच्च न्यायालयानं फुकट गाणी वाटणारी १०४ संकेतस्थळं बंद ठेवायला सांगितली. दुकानासमोरची चोरांची रांग पोलिसांनी उठवावी, तसंच की! पण ती संकेतस्थळं नावात एखादं अक्षर बदलून चार दिवसांत परत हजर.

आणि दुकानापुढे दुसराच एक दगड होता. पैसे घ्यायचे कसे?

फ्लिपकार्टचं खरं नाव झालं ते २०१० पासून, वस्तू घरी आल्यावर रोख पैसे द्यायची सोय काढली तेव्हा. ज्याच्याकडे कार्ड नाही, ज्याचा संगणकावर विश्वास नाही, तोही पुस्तक मागवायला लागला. पण गाणं कुणी खोक्यात घालून आणत नाही. सहा रुपये मागायला दारात माणूस पाठवणार का? तेव्हा गाण्याला कार्डच हवं. कार्डाचा आकडा घाला, मागचा आकडा घाला, मग बँकेचा वेगळा परवलीचा शब्द घाला. चोऱ्या थांबाव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेनं २००९ पासून हा जास्तीचा टप्पा सक्तीचा केला होता, आणि ते योग्यच होतं. पण फ्रिज घेताना जो त्रास चालतो तो सहा रुपयांच्या गाण्याला चालत नाही. त्यात मध्येच लाइट जाणार, नेट तुटणार, पैसे अडकणार. शेजारचा मित्र तेवढ्यात ब्लूटूथनं तेच गाणं देऊन मोकळा.

बरं, त्या सहा रुपयांतला मोठा वाटा गाण्याच्या मालकाला, थोडा बँकेला. दुकानदाराच्या हातात उरणार चिल्लर. लाखो गाणी विकली गेली तरच त्या चिल्लरीचा ढीग होणार.

तशात डिसेंबर २०१२ मध्ये आयट्यून्स भारतात आलं. शिवाय सावन, गाना यांसारख्या ठिकाणी गाणं विकत न घेता नुसतं फुकट ऐकता येऊ लागलं होतं. तेही कायदेशीर! मध्ये जाहिरात लागायची एवढंच. १७ जून २०१३ रोजी फ्लाइट बंद झालं. जाताना कंपनीनं कारणं सांगितली त्यांत दोन मुख्य होती. गाण्यांची चोरी, आणि छोट्या रकमा सहज देता येतील अशी सोय नसणं.

यातलं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगतो. त्याच काळात तुमच्या घरात एक गंमत चालली होती. मोठ्यांना विचारा, ‘तुमची कॉलर ट्यून कोणती होती?’ आपल्याला कुणी फोन केला की त्याला ‘ट्रिंग ट्रिंग’ऐवजी गाणं ऐकू यायचं. त्यासाठी महिन्याला तीसेक रुपये जायचे. जो बाबा सहा रुपयांचं गाणं विकत घेईना तोच बाबा दर महिन्याला तीस रुपये भरून एक गाणं ठेवायचा, आणि तेही असं की जे त्याला स्वतःला कधी ऐकू येणार नाही! कसं काय? मोबाइलमधल्या शिल्लक पैशांतून ते आपोआप कापले जायचे. एक आकडा दाबला की झालं. (कित्येकदा आकडा न दाबताही कापले जायचे, आणि मग घरोघर काय आरडाओरडा व्हायचा, तो वेगळा विषय.) लोक गाण्याला पैसे देतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी ही कॉलर ट्यून ऐकवतो.

छोट्या रकमांची ती अडचण पुढे सुटली. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आज मेहकरात कोथिंबिरीची जुडीही मोबाइलवरून घेता येते. दादा म्हणेल, मग आता चालेल की दुकान! पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, नेट अतिशय स्वस्त झालं, आणि गाणं उतरवून ठेवायची गरजच उरली नाही. पाहिजे तेव्हा ऐकलं, सोडून दिलं. दुकानाचं दार उघडलं तेव्हा बाजारच दुसऱ्या गल्लीत गेला होता.

आता एक छोटी तिसरी गोष्ट, आपल्या मराठी माणसांची. स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या जुळ्या भावांनी २००७ मध्ये ‘धिंगाणा’ नावाची सेवा काढली. काय झकास नाव! मराठीसकट अनेक भाषांतली गाणी, ऐकायला फुकट, पैसे जाहिरातींतून. एक कचेरी पुण्यात, एक कॅलिफोर्नियात. चोरांशी त्यांनी चोरांच्याच हत्यारानं सामना केला. फुकट, आणि चोरापेक्षा सोपं. लाखो लोक ऐकत होते. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये एका मोठ्या संगीत कंपनीनं त्यांच्याशी असलेला करार पुढे चालवला नाही. तिची गाणी गेली आणि धिंगाणा थांबला. पुढच्याच महिन्यात रेडिओ नावासारख्या नावाच्या, ‘आर्डिओ’ या अमेरिकन कंपनीनं तो विकत घेतला. २०१५ च्या नोव्हेंबरात तिचंही दिवाळं निघालं.

ती करार न वाढवणारी कंपनी कुठली, ओळखलंत? टी-सीरीज. रसाच्या दुकानातून येऊन ज्यांनी एचएमव्हीला घाम फोडला तेच आता कपाटाची किल्ली कमरेला लावून बसले होते. यात कायद्याला सोडून काहीच नाही, हं. गाणी त्यांची, कुणाला द्यायची ते ते ठरवणार. पण दुकानदाराची गोची बघा. त्याच्या खाली चोर, जो शून्याला विकतो. आणि त्याच्या वर मालक, जो मनात आलं तर उद्या माल बंद करतो.

तर मेहकरच्या मैत्रिणी, आता तुझ्या घरी येतो. हे पुढचं आईला आणि दादाला मोठ्यानं वाचून दाखव.

दादा, चाळीस हजार रुपये त्या दुकानात घालू नकोस. तुझं डोकं वाईट नाही, पण जे दुकान देशातल्या मोठ्या कंपनीला झेपलं नाही ते सोयाबीनच्या पैशावर उभं करायचं नाही. आई बरोबर आहे.

पण थांबा, बाबाही चूक नाहीत. वर सांगितलेल्या दुकानदारांकडे जे स्वतःचं नव्हतं ते तुमच्याकडे आहे. गाणी तुमची आहेत. म्हणजे, सगळी नाहीत. आता जरा कटू बोलतो, रागावू नका. एका गाण्यात तीन मालमत्ता असतात. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल देणाऱ्याची, आणि रेकॉर्डिंग ते करवून घेणाऱ्याचं. बाबांच्या आठही गाण्यांचे शब्द बाबांचे. अठरा हजार भरून रेकॉर्डिंग बाबांनीच करवून घेतलं, तेव्हा तेही बाबांचं. मात्र स्टुडिओची पावती जपून ठेवा. पण चार गाण्यांच्या चाली सिनेमातल्या आहेत. त्या कुणा संगीतकाराच्या आहेत, आणि त्यांना आपण विचारलेलं नाही. ऑटोवाल्यानं बाबांना विचारलं नाही, तसंच. भजनात सिनेमाची चाल लावायची पद्धत जुनी आहे, देवळात कुणी त्यावरून भांडत नाही. पैसे मिळवायला निघालो की मात्र प्रश्न येतो. यूट्यूबवर २००७ पासून अशी यंत्रणा आहे की मालकानं आपल्या गाण्याचा नमुना दिला की ती इतरांच्या गाण्यांशी त्याचा ठसा ताडून पाहते, चालसुद्धा ओळखू शकते. सापडलं की मालक ते बंद करतो, नाहीतर राहू देऊन जाहिरातीचे पैसे स्वतः घेतो.

म्हणून ती चार गाणी बाजूला ठेवा. बाबांना म्हणा, त्यांना स्वतःच्या चाली लावा. ज्याला चार चाली सुचल्या त्याला आठ सुचतील.

उरलेली चार मात्र पक्की तुमची. कायद्यानं गाणं तयार झालं त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून बरी, पण सक्तीची नाही. शब्द आणि चाल यांवरचा हक्क बाबांच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे तुझ्या मुलांपर्यंत पोचतो! ही चार गाणी जिथं लोक आधीच ऐकताहेत तिथं बाबांच्या नावानं ठेवा. यूट्यूबवर तर ठेवाच, आणि एकदाच देऊन सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या सेवा असतात, त्यांतली एखादी अटी नीट वाचून घ्या. एका ऐकण्यामागे रुपया नाही मिळत, पैशांतच मिळतात. घर चालणार नाही त्यावर. पण प्रत्येक ठिकाणी बाबांचं नाव आणि कार्यक्रमासाठी कुणाशी बोलायचं ते लिहा. ऑटोत वाजणाऱ्या गाण्याचा गायक कोण, हेच आज लोकांना ठाऊक नसेल, तर ते सप्ताहाला बोलावणार कुणाला? माझ्या मते बाबांची कमाई तिथून येईल.

भजनी मंडळांची गाणी दादानं जरूर गोळा करावीत. मात्र प्रत्येकाकडून लिहून घ्यावं, गाणं कुणाचं, किती वर्षांसाठी दिलं, पैसे कसे वाटायचे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, हेही माहीत असू द्या. आणि उद्या कुणी शहरातली कंपनी येऊन ‘दोन-तीन हजार घ्या आणि सगळे हक्क कायमचे द्या’ म्हणाली, तर बाबांना सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवायला सांगा. २०१२ मध्ये कायद्यात बदल झाला तेव्हापासून सिनेमातल्या आणि रेकॉर्डवरच्या गाण्याच्या कमाईत गीतकार-संगीतकारांचा निम्मा वाटा त्यांचा त्यांनाही सोडून देता येत नाही, असं ठरलंय. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी बरंच भांडण केलं होतं.

चाळीस हजारांतले तीन-चार हजार मात्र आईकडून मागून घे, दादा. एक बरा माइक घेण्यासाठी. पुढची गाणी घरीच रेकॉर्ड करा. पंखा बंद करून, आणि शेजारच्या म्हशीला वैरण टाकून झाल्यावर.

बाबांची ती चार गाणी ऐकायची मला फार उत्सुकता आहे. पत्त्यावर पाठवून दे. फुकट नको, किंमत आणि यूपीआयचा पत्ता कळव. माझ्याकडे साठची आणि नव्वदची अशी दोन कॅसेटची जुनी बाकी अजून आहे.

पुढच्या आठवड्यात बर्फाचा गोळा. या वेळी नक्की!

तुमचा,
हिशोबकाका